वर्षाच्या तांदळातला मायक्रोस्कोप

गेल्या भाद्रपदात मी एका नव्या सजीवाचा शोध लावला. तो शोध साडेचार तास टिकला. विज्ञानाच्या इतिहासात याहूनही अल्पायुषी शोध असतील, पण ते लावणाऱ्यांनी ते शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेले नसणार.

झालं असं, की एका रविवारी सकाळी मी वाडीतल्या विहिरीच्या पाण्याचा थेंब मायक्रोस्कोपखाली ठेवला, तर त्यात नाजूक, फांद्या फुटलेले, कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले. मग कांद्याचा पापुद्रा ठेवला, त्यातही तेच. माझ्या बायकोच्या, मेघनाच्या, विरजणातही तेच. शेवटी नुसती कोरी काच ठेवली, तर तिथेही तेच तंतू हजर. इथे कोणाही शहाण्या माणसाला संशय आला असता. मी बी.एस्सी. असल्यामुळे मला आला नाही. मी वहीत 'सर्वव्यापी' असा शेरा मारला आणि त्या सजीवाला लॅटिन वळणाचं एक नाव दिलं, ज्याचा शेवट 'धनेशी' असा होत होता. माझं नाव धनेश आहे, हे सांगायला नको.

साडेचार तासांनी हितेंद्रचं उत्तर आलं. हितेंद्र माझा वर्गमित्र. ठाकुरद्वारला विज्ञानाचे खासगी क्लास चालवतो आणि सगळ्यांकडून 'हितेंद्र सर' म्हणवून घेतो, स्वतःच्या बायकोकडूनसुद्धा. त्याने एवढंच लिहिलं होतं, 'धन्या, तुझ्या भिंगाला बुरशी आली आहे.' खाली हसून हसून डोळ्यांतून पाणी आलेले नऊ पिवळे चेहरे.

त्या ग्रुपवर आमच्या सरोजिनीबाईही आहेत. वय ब्याऐंशी. ग्रुपवर कधी एक अक्षर लिहीत नाहीत, पण वाचतात सगळं, शाळेत मागच्या बाकावरच्या चिठ्ठ्या वाचायच्या तसंच. हा मायक्रोस्कोप मूळचा त्यांचा. सहा वर्षांपूर्वी दादरचं मोठं घर सोडून लहान घरात जाताना त्यांनी तो मला दिला, कारण त्यांचे हुशार विद्यार्थी सगळे अमेरिकेत होते. हे कारण माझं नाही. देताना त्यांनीच सांगितलं होतं.

संध्याकाळी बाईंचा फोन आला.

"धनेश, बुरशी कशी आली?"

"बाई, यंदा हवा फारच दमट—"

"हवा माझ्याकडेही दमटच होती. बत्तीस वर्षं होती. मी दसऱ्याला सकाळी दहाला येते. यंत्राची पूजा करू. भिंग स्वच्छ असलं तर राहू दे तुझ्याकडे. नसलं तर हितेंद्र केव्हाचा मागे लागलाय, त्याला देऊन टाकीन."

"बाई, क्लासवाल्याला?"

"तो निदान पुसेल तरी," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी चोपन्न वर्षांचा आहे, विमा कंपनीत साहाय्यक व्यवस्थापक आहे, माझ्या सहीने माणसांच्या मृत्यूला अधिकृत मान्यता मिळते. तरीही मी फोन ठेवताना उभा होतो. दसऱ्याला सतरा दिवस उरले होते आणि पितृपक्ष चालू होता, म्हणजे शहरात कावळ्यांखेरीज कोणाचंही काम होत नव्हतं.

आमच्या फणसवाडीत कोणतीही वस्तू खासगीत बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच समोरच्या खोलीतले शामराव आले. शामराव वाडीच्या उत्सव मंडळाचे अध्यक्ष. पस्तीस वर्षं एका सरकारी कचेरीत काढल्यामुळे त्यांना कोणत्याही विषयातलं काहीही माहीत नसलं तरी अभिप्राय देता येतो.

"उन्हात ठेव," ते म्हणाले. "लोणच्याच्या बरणीसारखा."

आमच्या वाडीत ऊन अकरा वाजता येतं आणि अकरा चाळीसला जातं. त्या चाळीस मिनिटांवर तीन मजल्यांच्या गाद्यांचा वंशपरंपरागत हक्क आहे. त्यातून मायक्रोस्कोपला जागा मागणं म्हणजे नवा पक्ष काढणं.

मग पलीकडच्या रमाबाईंनी गॅलरीतूनच उपाय सांगितला. "तांदळात ठेव रे. आमच्या नातीचा, अपेक्षाचा, फोन बादलीत पडला होता. दोन दिवस तांदळात ठेवला. आता पूर्वीपेक्षा बरा चालतो."

"रमाबाई, हे प्रकाशशास्त्रीय उपकरण आहे," मी म्हणालो. "खिचडी नव्हे."

हे वाक्य मला त्या वेळी फार आवडलं होतं.

मी शास्त्रशुद्ध मार्गाने जायचं ठरवलं आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन लावला.

"इन्स्टिट्यूशन का नाम, सर?" पलीकडचा माणूस म्हणाला.

"इन्स्टिट्यूशन नहीं है. घर में है."

"घर में क्यूं है, सर?"

मेघना हाच प्रश्न सहा वर्षं विचारत आहे. शेवटी त्याने एक फॉर्म पाठवला. त्यात छंद म्हणून मायक्रोस्कोप बाळगणाऱ्या माणसाची सोय नव्हती. शाळा, कॉलेज, पॅथॉलॉजी आणि 'इतर शासकीय' एवढेच चार रकाने. शेवटी विभागप्रमुखाची सही आणि शिक्का. मी बराच विचार करून विभागप्रमुख म्हणून मेघनाची सही घेतली. फॉर्म शिक्क्याअभावी परत आला. "सही केली ते पुष्कळ झालं," विभागप्रमुख म्हणाल्या आणि बँकेत निघून गेल्या.

तेव्हा हे काम स्वतःच करायचं ठरलं. इंटरनेटवर एका परदेशी गृहस्थाने सांगितलं होतं, की आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब मऊ कागदावर घ्यावा आणि भिंग हलकेच पुसावं. मी प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या एका केमिकलच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या माणसाने माझ्याकडे न बघता सांगितलं, "संस्थेचं पत्र आणा. लेटरहेडवर."

आता माझ्या ओळखीत लेटरहेड असलेली संस्था एकच. मी शामरावांकडे गेलो.

"ठराव करावा लागेल," शामराव म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मी गणपतीत आरतीच्या वेळीही पाहिलेलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी कार्यकारिणीची सभा भरली. नऊ सभासद, एक विषय. खजिनदारांनी पहिलाच आक्षेप घेतला, की लेटरहेडवर गणपतीचं चित्र आहे, त्याच्याखाली अल्कोहोल कसं लिहायचं? यावर पाऊण तास चर्चा झाली. चित्रावर कोरा कागद ठेवून लेटरहेडची झेरॉक्स काढावी आणि त्यावर लिहावं, असा तोडगा निघाला. म्हणजे देवाला कळणार नाही. दुसरा प्रश्न, मंडळाची जबाबदारी किती? तो शामरावांनी स्वतः मसुदा लिहून सोडवला: 'वाडीतील रहिवासी श्री. धनेश कारखानीस यांना त्यांच्या घरगुती अडचणीकरिता अर्धा लिटर अल्कोहोल मिळावे, ही विनंती. सदर बाबीशी मंडळाचा कोणताही संबंध नाही.' ठराव एकमताने मंजूर झाला आणि घटनेतील कलमानुसार तीन दिवस मंडळाच्या फलकावर लावण्यात आला.

त्या तीन दिवसांत मी वाडीत सन्मानाने मान खाली घालून फिरलो. जिन्यात भेटणारे पुरुष माझ्या पाठीवर हात ठेवत आणि काही न बोलता निघून जात. रमाबाईंनी मेघनाला एका काढ्याचं नाव लिहून दिलं, जो नवऱ्याच्या चहात त्याच्या नकळत घालायचा असतो.

"मी त्यांना म्हटलं, तो पीत नाही, त्याने पुसतो," मेघना म्हणाली. "त्या म्हणाल्या, सुरुवातीला सगळ्या बायका असंच काहीतरी सांगतात."

तीन दिवस सरल्यावर अल्कोहोलची बाटली घरी आली. परदेशी गृहस्थ म्हणाला होता, एक थेंब. पण एक थेंब वापरणं हे ज्याला अल्कोहोल सहज मिळतं त्याचं लक्षण आहे. ज्याला त्यासाठी नऊ माणसांसमोर उभं राहावं लागलं, त्याचा हात एका थेंबावर थांबत नाही. मऊ कागद घरात नव्हता, म्हणून मी देवघरातला वातींचा कापूस घेतला, चांगला भिजवला आणि तिन्ही भिंगांना अभ्यंगस्नान घातलं. पहिल्या पाच मिनिटांत भिंगांच्या नळ्यांवरचे दहा, चाळीस आणि शंभर हे आकडे धुऊन गेले, त्यामुळे मोठं भिंग कोणतं आणि लहान कोणतं हा भेदभाव संपला. पुढच्या पाच मिनिटांत अल्कोहोल नळीच्या आत उतरलं. डोळा लावला तर धुकं. धुक्यात वातीच्या कापसाचे तंतू. तंतूंमागे माझी बुरशी, पूर्वीपेक्षा टवटवीत.

धुकं म्हणजे ओल. ओल म्हणजे वाळवणं. मी उन्हाचा विचार केला, गाद्यांचा विचार केला, आणि मला रमाबाईंचं म्हणणं आठवलं. मोठ्या माणसाने आपलं मत बदलावं, पण ते बदलताना घरात कोणी नाही हे आधी पाहावं. मेघना बँकेत होती. स्वयंपाकघरात वर्षाच्या तांदळाचं पिंप होतं. तिच्या माहेरचे, वालावलचे तांदूळ. मी मायक्रोस्कोप त्यात उभा गाडला, वरून तांदूळ सारखे केले आणि झाकण लावलं. दोन दिवस मी मनातल्या मनात बाईंना चकचकीत भिंग दाखवत होतो.

इथे एक माहिती देणं आवश्यक आहे. वर्षाचे तांदूळ पिंपात भरताना त्यांना कीड लागू नये म्हणून एरंडेल तेल आणि बोरिक पावडर चोळतात. हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात प्रत्येकाला माहीत आहे, असं मला नंतर पुष्कळ जणांनी सांगितलं. मेघना आणि रमाबाई दर मे महिन्यात सतरंजी पसरून तांदळाला काहीतरी चोळत बसतात, हे मी चोवीस वर्षं पाहिलं होतं. त्या वेळी मी पेपर वाचत असतो. माझी समजूत अशी होती, की त्या तांदळाशी बोलत असाव्यात.

दोन दिवसांनी बाहेर काढला तेव्हा तो मायक्रोस्कोप तांदळाचं पीठ लावून तळायला सज्ज केलेल्या सुरमईसारखा दिसत होता. ओलसर अंगावर एरंडेल, एरंडेलावर बोरिक, बोरिकवर तांदळाचा कोंडा, असा थरावर थर. खालीवर करायचं चाक फिरेना. भिंगातून काही म्हणजे काही दिसेना. न्यायाने सांगायचं तर बुरशीही आता दिसत नव्हती.

मी तो पुसत होतो, त्याच क्षणी मेघना दारात उभी राहिली. तिने माझ्याकडे पाहिलं, जमिनीवरच्या तांदळाच्या रेघेकडे पाहिलं, रेघ जिथून निघाली होती त्या पिंपाकडे पाहिलं.

"वर्षाच्या तांदळात तू बुरशी ठेवलीस?"

"बुरशी नाही. मायक्रोस्कोप."

"बुरशी आलेला मायक्रोस्कोप."

"हो, पण अल्कोहोलने धुतलेला."

या शेवटच्या वाक्याने बाजू बळकट होईल असं मला का वाटलं, हे आज सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी सबंध दिवस पस्तीस किलो तांदूळ चाळत बसलो होतो. येणारेजाणारे दारात थांबून बघत. शामरावांनी एकदा आत डोकावून "छान, मन रमतंय ना?" असं विचारलं. त्यांना वाटत होतं, हा उपचाराचा भाग आहे.

दसऱ्याला पाच दिवस उरले असताना कुशाबा आले.

कुशाबा आमच्या इमारतीचा पाण्याचा पंप चालवतात. राहायला लालबागला. वय सत्तर. परळच्या एका गिरणीत विणाई खात्यात फिटर होते. गिरणी गेली, तिथे आता काचेची इमारत आहे आणि तिच्यात माणसं कशाचे तरी अ‍ॅप बनवतात. त्या दिवशी पाणी लवकर जाणार हे सांगायला ते दारात आले आणि टेबलावर बघत राहिले.

"ह्यां काय?"

"मायक्रोस्कोप आहे, कुशाबा."

"तां दिसतां. पण ह्येका तळूक कोणी घेतलां?" त्यांनी जवळ येऊन वास घेतला. "एरंडेल! सायेब, ह्यां मशीन असा. त्याका जुलाब देवचे होते काय?"

मी त्यांना प्रकाशशास्त्रीय उपकरणांची नाजूक रचना समजावून सांगू लागलो. ते ऐकत नव्हते. त्यांनी टेबलावर पेपर पसरला, आमची स्टीलची सहा वाट्यांची चळत मागून घेतली आणि प्रत्येक वाटीवर खडूने आकडा घातला. पहिला स्क्रू पहिल्या वाटीत, दुसरा दुसऱ्या.

"भिंगाक हात लावू नकात," मला म्हणाले. "जरा बाजूक होवा. टॉर्च धरा."

त्या दिवसापासून चार दिवस पंप बंद केल्यावर ते रोज तासभर येत आणि मी रोज तासभर टॉर्च धरत असे. पदवीधर माणसाच्या आयुष्यात टॉर्च धरण्याचे प्रसंग येतात, पण त्या टॉर्चवरून बोलणी खाण्याचे सहसा येत नाहीत. "वर धरा. माझ्या डोळ्यात नको. तुमी खंय बघतास? स्क्रू हंय असा." मधूनमधून मी एखादी शास्त्रीय संज्ञा उच्चारून पाहिली. ते "हां, हां" म्हणत, लहान मूल मध्ये बोललं की म्हणतात तसं.

जुन्या सायकलच्या भोंग्याचा रबरी फुगा त्यांनी आणला होता. आधी त्याने फुंकर, मग हात. धूळ असताना काच पुसली की ओरखडा पडतो, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. पहिल्यांदा सहज, दुसऱ्यांदा माझ्याकडे बघून. पुसायला धोतराचा तुकडा, इतका जुना की त्यात आता फक्त मऊपणा शिल्लक होता. काडीच्या टोकाला तो गुंडाळायचा, अल्कोहोलचा एक थेंब, आणि भिंगाच्या मध्यापासून कडेकडे गोल गोल. मंडळाने मंजूर केलेल्या अर्ध्या लिटरपैकी त्यांना एकूण बारा थेंब लागले.

"हे कुठे शिकलात?" मी विचारलं.

त्यांनी खिशातून पितळेचं एक घडीचं भिंग काढलं. कापडाच्या एका इंचात किती धागे बसलेत ते मोजायचं. गिरणीत त्याला पिक ग्लास म्हणत. "पस्तीस वर्सां वापरलां. रोज पुसलां. एक ओरखडो दाखवा."

मी दाखवला नाही. नव्हताच.

चौथ्या दिवशी त्यांनी चाकाच्या दातऱ्यांत मोहरीएवढं ग्रीस घातलं आणि दोन बोटांनी चाक फिरवलं. लोण्यातून सुरी फिरावी तसं ते फिरलं. मी बघायला पुढे झालो. पण कुशाबांनी तोवर स्वतःच्या शर्टाचा एक धागा ओढून काचेवर ठेवला होता आणि डोळा लावला होता. तो त्यांनी काढलाच नाही. पाच मिनिटं गेली. दहा गेली. मी खाकरलो.

"मायझया," ते हळूच म्हणाले. "ह्यां सुती नाय."

"काय?"

"कापसाचो धागो पिळवटलेलो दिसता. सुकलेली शेंग कशी मुरडता, तसो. ह्यो बघा, काचेची कांडी. सरळसोट. अर्धो पॉलिस्टर! माझ्या लेकीन गेल्या दिवाळीक शंभर टक्के कॉटन म्हणान घेतल्यान." त्यांनी वर पाहिलं. आयुष्यभर हातात धरलेली वस्तू आज पहिल्यांदा दिसली, असा तो चेहरा होता.

नेमके त्याच वेळी शामराव आले. अंगात त्यांचं ते खादीचं जाकीट, जे ते झेंडावंदनाला, सांत्वनाला आणि कार्यकारिणीच्या सभेला घालतात. कुशाबांनी परवानगी न विचारता बाहीखालचा एक धागा उपटला.

"सत्तर टक्के पॉलिस्टर," पाच मिनिटांनी ते म्हणाले.

"अशक्य!" शामराव ओरडले. "प्रदर्शनात घेतलंय. सर्टिफिकेट आहे माझ्याकडे!"

"मगे सर्टिफिकेटाचो धागो काढा," कुशाबा म्हणाले.

ही बातमी वाडीत पाण्याच्या वेळेपेक्षा लवकर पसरली. त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी माझ्या घरात चपला काढायला जागा नव्हती. 'शुद्ध लिनन' निघालं तागमिश्रित काहीतरी. खजिनदारांची रेशमी लुंगी कोणत्याही प्राण्याने विणलेली नव्हती. सगळ्यात शेवटी रमाबाई आल्या, लग्नातला शालू छातीशी धरून. त्यांनी तो कुशाबांच्या हातात दिला नाही, स्वतःच पदराच्या आतल्या बाजूचा एक धागा दाताने तोडून दिला.

"रेशीम," कुशाबा म्हणाले. "अस्सल. भेसळ नाय."

रमाबाई खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, "सासूबाई म्हणायच्या, बापाने नकली शालू देऊन फसवलं. बावन्न वर्षं मी तो ट्रंकेत ठेवला." त्यांनी शालू तिथेच उघडून खांद्यावरून घेतला आणि तसाच घेऊन घरी गेल्या. त्या दिवशी पहिल्यांदा त्या खोलीत कोणी सल्ला दिला नाही.

कुशाबांनी प्रत्येक धागा काचेवर चिकटवून वर पेन्सिलीने ज्याचं त्याचं नाव लिहिलं होतं. एकतीस काचा झाल्या. मी त्यातून एकदाच बघितलं, आणि तेही त्यांना पाणी सोडायला खाली जावं लागलं म्हणून.

दसऱ्याला दहाला पाच कमी असताना सरोजिनीबाई आल्या. हितेंद्रच्या गाडीतून. तो सेवाभावी आहे, विशेषतः त्या सेवेच्या शेवटी काही मिळणार असेल तेव्हा. येताना त्याने एक रिकामं खोकं आणलं होतं, आत मायक्रोस्कोपच्या मापाने कापलेलं थर्माकोल.

"असू दे बरोबर," तो मला म्हणाला. "लागलं तर."

झेंडूचा हार घातला गेला. मेघनाने हळदकुंकवाची कोयरी पुढे केली, तेव्हा कोपऱ्यात उभे असलेले कुशाबा पुढे झाले. "वैनी, कुंकू टेबलाक लावा. मशीनाक नको. भुकटी आत जाता." बाईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मग चष्मा काढला, वाकल्या आणि डोळा लावला.

त्यांनी भिंग बदललं, चाक पुढे केलं, मागे केलं.

"बुरशी गेली," त्या म्हणाल्या. हितेंद्रने खोक्यावरचा हात काढला. "पण हे चाक माझ्याकडे होतं तेव्हाही अडकायचं. आता मोकळं फिरतंय. कोणी केलं?"

"आम्ही केलं, बाई," मी म्हणालो. मराठीत 'आम्ही' या शब्दाची व्याप्ती मोठी आहे.

"अस्सं. तेल कोणतं घातलंस?"

मी आठवल्यासारखं केलं.

"एरंडेल!" स्वयंपाकघरातून मेघना म्हणाली. तांदळाचा हिशेब अजून मिटलेला नव्हता.

बाईंनी माझी निरीक्षणांची वही उघडली. सहा वर्षांत अकरा पानं. त्यांतल्या चारांवर बुरशीची चित्रं, मोजमापांसह. वही मिटून त्या एकतीस काचांपाशी गेल्या. एकेक उचलून उजेडाकडे धरून नावं वाचली.

"आणि ह्या कोणाच्या?"

"माझ्यो," कुशाबा म्हणाले. "म्हणजे धागे लोकांचे."

"किती दिवसांत केल्या?"

"दोन."

"पुढे काय बघायचंय?"

कुशाबा गडबडले. आजवर त्यांना कोणी हा प्रश्न विचारला नसावा. "गोणपाट," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "लोकर बघूची असा. घोंगड्याची. आनी मेणबत्तीची वात. आनी आमच्या गिरणीच्या कापडाचो एक तुकडो घरात असा, तो. तेचो धागो आतसून कसो दिसा होतो, तां कधी बघूकच गावला नाय."

बाई हितेंद्रकडे वळल्या. "तुझ्या क्लासात मुलं किती?"

"दोनशे दहा, बाई."

"त्यांना यातून बघायला देशील?"

"नक्की, बाई. म्हणजे तसं सिलॅबसमध्ये नाही, पण रिसेप्शनवर ठेवला तर पालकांवर चांगलं इम्प्रेशन—"

"कुशाबा," बाई म्हणाल्या, "तुमच्या घरी कोरडी जागा आहे?"

"पत्र्याची पेटी असा. आत बारको बल्ब लावून ठेवन, ओल धरूची नाय." आणि मग त्यांना प्रश्नाचा अर्थ लक्षात आला. "नको, बाई. ह्यां सायबांचा असा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाई, हितेंद्र, स्वयंपाकघराच्या दारात आलेली मेघना, न बोलावता आलेले शामराव, शालूतल्या रमाबाई. मला पुष्कळ बोलायचं होतं. सतरा दिवस मी काय काय सोसलं, मंडळाच्या फलकावर तीन दिवस माझं काय झालं, चार दिवस टॉर्च किती वर धरला होता. शिवाय भिंग स्वच्छ होतं, आणि शब्द शब्द असतो. पण कुशाबा त्या यंत्राकडे बघत नव्हते. मुद्दाम खिडकीबाहेर बघत होते.

"छे छे, न्या ना," मी म्हणालो. "मी तेच सुचवणार होतो."

माझ्या आयुष्यातलं हे एकमेव औदार्य, आणि त्यावर कोणाचाही विश्वास बसला नाही.

खोकं हितेंद्रचंच वापरलं. थर्माकोलमध्ये यंत्र अगदी चपखल बसलं.

आमच्या खिडकीपाशी मायक्रोस्कोप असायचा ती जागा मोकळी झाली. तिथे मेघनाने तुळशीची कुंडी ठेवली. मी दोन रविवार तुळशीकडे बघितलं. तिसऱ्या रविवारी, भाजी आणायला जातो असं सांगून लालबागला गेलो.

कुशाबांच्या चाळीच्या जिन्यातच रांग होती. दिवाळी तोंडावर आलेली, आणि प्रत्येकाच्या हातात नव्या कपड्यांची पिशवी. भिंतीला पाटी टांगलेली, तिच्यावर खडूने नावं. मी माझं लिहिलं. सतरावं. आतून कुशाबांचा आवाज येत होता. कोणाला तरी "श्वास धरा, काचेर वाफ येता" म्हणून सांगत होते.

पुढे एक आजी उभ्या होत्या. त्यांनी मागे वळून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"पहिल्यांदा आलात?"

"हो," मी म्हणालो.

"तुमचं काय तपासायचंय?"

माझ्याकडे पिशवी नव्हती. मला काहीच तपासायचं नव्हतं, मला नुसता डोळा लावायचा होता. पण चाळीच्या जिन्यात उभं राहून हे सांगता येत नाही. मी खिशात हात घातला, रुमाल हाती आला, तो पुढे केला.

आजींनी तो दोन बोटांत धरला, चुरगळला आणि परत दिला.

"ह्याला कशाला हवं मशीन?" त्या म्हणाल्या. "हे तर आंधळ्यालासुद्धा कळेल. नायलॉन आहे."

मी रुमालाची घडी घालून तो खिशात ठेवला आणि एक पायरी पुढे सरकलो.